वस्तुचित्राचा तास

शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरीला वस्तुचित्र हा विषय असतो. टेबलावर पितळी तांब्या, शेजारी एखादे फळ, मागे कापड. नवशिकी मुले बहुधा तांब्याचे तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेषेने मिटवतात. तोंड गोल असते हे ठाऊक असल्यामुळे ती माहितीच कागदावर उतरते. बसल्या जागेवरून मात्र ते लंबगोल दिसते. दृष्टिरेषेच्या जितके खाली जावे तितका लंबगोल उघडत जातो, म्हणून बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वळलेली असते. फळ्यावर समजावले तरी हे मुलांना पटतेच असे नाही. हात ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने रुंदी-उंची मापली की पटते.

खरा कस छायाप्रकाशात लागतो. डोळे किलकिले केले की बारीक तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग तेवढे उरतात. तांब्याची सर्वांत गडद छाया कडेच्या जरा आत असते, कारण कडेवर कापडावरून परतलेला उजेड पडतो. लाल कापड अंथरले तर पितळेच्या पोटावर लालसर झाक येते. ही झाक एकदा दिसू लागली की घरच्या भांड्यांवर, भिंतींवर, माणसाच्या गालावरही दिसू लागते. परीक्षेच्या घाईत अनेकदा वस्तू मांडलीच जात नाही आणि मुले छापील नमुना गिरवतात. चित्र नेटके होते, पण पाहणे घडतच नाही. हे मुलांचे मोठे नुकसान आहे.

कलाशिक्षणाने स्पर्शालाही स्थान दिले. जर्मनीतील वायमार येथे 1919 मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत शिक्षक योहानेस इटेन तासाच्या आरंभी श्वासाचे आणि अंग सैल करण्याचे व्यायाम घेत. लाकूड, साल, लोकर अशा पदार्थांवर विद्यार्थी डोळे मिटून बोटे फिरवत. पोत नीट उमगला की मग चित्र. त्याच वर्षी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले. तिथे चित्रकार नंदलाल बोस विद्यार्थ्यांना झाडापानांचा अभ्यास उघड्यावर करायला लावत. 1922 मध्ये बाउहाउसमधील कलाकृतींचे प्रदर्शन कोलकात्यात भरले.

अशा कामाने मन निवते, असे चित्रकला शिकवणारे सांगत आले आहेत. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 39 प्रौढांनी 45 मिनिटे माती, मार्कर किंवा कोलाज यांवर काम केले. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले. आधी चित्रकला केलेली असण्या-नसण्याने विशेष फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि सकाळनंतर कॉर्टिसॉल एरवीही उतरते, हे खरे. तरी ‘हात चांगला नाही’ म्हणून एखाद्या मुलाला या तासापासून दूर ठेवण्याला त्यात कुठलाच आधार सापडत नाही.