सवयींची छोटी डागडुजी

पाडवा आला, वाढदिवस आला, की आपण मोठमोठे संकल्प सोडतो. पहाटे पाचला उठणे, रोज तासभर जिम, साखर कायमची बंद, निम्मा पगार शिल्लक. त्यांतले महिनाभर किती टिकतात, ते ज्याचे त्याला ठाऊक! अमिरातीत इतकी वर्षे संसार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, सगळा दिनक्रम उलटापालटा करण्याच्या भानगडीत पडू नये. आहे त्याच दिनक्रमाची डागडुजी करावी.

चहाचेच पाहा. सकाळी घरचा, ऑफिसात दोनदा आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातला करक. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर मावते, म्हणजे झाली ३२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले की, वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत. आपण तर ताटावर बसण्याआधीच ही मर्यादा ओलांडलेली असते! बिनसाखरेचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही आणि तो कोणी प्यावा असा माझा आग्रहही नाही. मात्र दर आठवड्याला पाव चमचा कमी केला तर महिन्याभरात दोनाचा एक होतो आणि जिभेला फारसा पत्ताही लागत नाही. कॅफेटेरियात 'शक्कर कम' एवढे दोन शब्द पुरतात.

दुसरी गोष्ट चालण्याची. आपण घरातून लिफ्टने पार्किंगमध्ये, तेथून गाडीने ऑफिसात आणि तसेच परत! १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास इथे कायद्याने बंदी असते, तेव्हा उन्हाळ्यात बाहेर फिरा असे मी सांगणार नाही. पण जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे इमारतीच्या पॅसेजमध्ये किंवा मॉलमध्ये चालले तरी जेवणानंतर चढणारी रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते. थंडीत मात्र मुलांना घेऊन झबील पार्क किंवा ममझर गाठावे. एवढ्या उन्हाच्या देशात राहूनही अनेकांना 'ड' जीवनसत्त्व कमी पडते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्यासाठी उपयोगाचे नाही, कारण लागणारे किरण काच अडवते.

चालतानाच घरी फोन करावा, ही आमच्या सौभाग्यवतींची युक्ती. भारत आपल्यापुढे दीड तास. इथे रात्री साडेआठला निवांत झालो, तर तिकडे दहा वाजलेले आणि आई पेंगुळलेली. आता सकाळी सातला करतो. तिकडे साडेआठ, चहा झालेला, आणि बोलायला विषयही भरपूर!

आता पैशाकडे. इथला मुक्काम बहुतेकांचा नोकरीच्या व्हिसावर, म्हणून ग्रॅच्युइटीचा हिशेब प्रत्येकाला यायलाच हवा. एक वर्ष पूर्ण झाल्यावर ती लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचा पगार, एकूण कमाल दोन वर्षांच्या पगाराइतका. यातला 'पगार' म्हणजे मूळ वेतन; घरभाडे आणि इतर भत्ते त्यात धरत नाहीत. समजा, हाती १०,००० दिरहम येतात, पण करारात मूळ वेतन ६,००० आहे. दिवसाचे २०० झाले, २१ दिवसांचे ४,२००, पाच वर्षांचे २१,०००. दहा हजारांवर हिशेब करणारा ३५,००० धरून बसतो. चौदा हजारांची ही तफावत नोकरी सुटल्यावर कळून काय उपयोग? (काही आस्थापनांत ग्रॅच्युइटीऐवजी वेगळी बचत योजना असते, करार पाहावा.)

यासाठी वर्षातून एकच संध्याकाळ द्यावी. नोकरीला लागल्याची तारीख आली की करार काढून ग्रॅच्युइटीचा आकडा वहीत मांडायचा. त्याच बैठकीत भारतातली खातीही पाहावीत. जुने साधे बचत खाते एनआरओ करून घेतले आहे का? एनआरई ठेवींची मुदत कधी संपते? प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण? लग्नाआधीच्या खात्यावर अजून वडिलांचेच नाव निघणारी मंडळी मी पाहिली आहेत. आमची ही वही पासपोर्टांच्या झेरॉक्सबरोबर एकाच डब्यात असते आणि डबा कुठे आहे हे घरात दोघांनाही माहीत आहे.