‘प्यालेला आहे’ म्हणून रुग्ण परत पाठवता येत नाही

फवारणीच्या दिवसांत शेतातून उचलून आणलेला माणूस झोकांड्या खातो, धड बोलत नाही, तोंडातून लाळ गळते. पाहणारे लगेच म्हणतात, ‘ढोसून आलाय.’ पण काही कीटकनाशके अंगात भिनली तरी माणूस असाच दिसतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम सुटतो, उलट्या होतात, स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो. डोक्याला मार बसला किंवा रक्तातली साखर उतरली तरी माणूस बरळतो. तोंडाला दारूचा वास आला, म्हणून यांतले काहीच झाले नाही असे ठरत नाही.

गणेशगुडीच्या आसपासच्या वाड्यांतून जोयडा किंवा दांडेली गाठेपर्यंतच वेळ जातो. तिथे ‘उतरल्यावर आणा’ असे ऐकावे लागले, तर जीव जायचा. म्हणून कायदा काय सांगतो ते प्रत्येक घराला ठाऊक हवे.

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य. पोलिसांचे कागद नंतर. कर्नाटकच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय संस्था कायद्यानेही अपघात, विषबाधा, मारहाण अशा प्रसंगी प्रथमोपचार आणि जीव वाचवणारे उपाय बंधनकारक केले आहेत. रुग्ण शुद्धीवर आहे की नशेत, याने या कर्तव्यात फरक पडत नाही. शुद्ध नसलेल्या माणसाने दिलेली संमती कायद्याने ग्राह्य नाही; पण जीव धोक्यात असेल तर संमतीसाठी उपचार अडवायचे नसतात.

गुंगी औषधाने आलेली असली तरी काळजीची जबाबदारी तीच. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. तिथे पूर्ण भूल न देता, मॉर्फियाच्या इंजेक्शनवर जोर लावून हाड ओढले गेले. सातपर्यंत असर उतरेल, असे वडिलांना सांगण्यात आले. रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरला जबाबदार धरले आणि डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा, आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत काळजी घेणे.

आणि कामावरचा माणूसच नशेत असला तर? तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला व ती दगावली. त्यात नशेचा प्रश्न नव्हता. पण नोकराच्या हयगयीला सरकार जबाबदार, असे न्यायालयाने १९९६ साली ठरवले. मग झिंगलेल्या कर्मचाऱ्याला रुग्णाजवळ जाऊ दिले, तर ‘आम्हांला काय ठाऊक’ असे रुग्णालयाला म्हणता येणार नाही. त्याला तत्काळ कामावरून बाजूला केलेच पाहिजे. मात्र व्यसन हाही आजार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू व अमली पदार्थांच्या व्यसनातून होणाऱ्या मानसिक विकारांना आजारच मानतो. अशा रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे, त्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

कर्तव्य आपल्यालाही आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवा:

१. औषध मारताना कोणी पडला, तर त्याचे कपडे काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. मात्र स्वतःचे हात जपा.
२. मुद्दाम उलटी करवू नका.
३. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या.
४. तो दारू प्याला असेल, गोळ्या किंवा गांजा घेतला असेल, तर लाजेपोटी लपवू नका. डॉक्टरला सगळे सांगा.
५. कोणी परत पाठवू लागला, तर डॉक्टरचे नाव, वेळ व कारण कागदावर लिहून मागा. पण वाद घालत थांबू नका, रुग्णाला पुढे न्या.