हौदाचे गणित आणि कारखान्याचा हिशेब



हौदाचे गणित आपण सर्वांनीच शाळेत सोडवले आहे. एका नळाने हौद भरतो, दुसऱ्याने रिकामा होतो. दोन्ही एकदम सोडले तर काय होईल? "याचा पुढे उपयोग काय?" असेही आपण तेव्हा विचारले असेल. हेच गणित अमेरिकेतील एम.आय.टी. या नामवंत विद्यापीठातील विद्यार्थ्यांपुढे वेगळ्या रूपात ठेवले गेले, आणि त्यांतील बहुतेक जण चुकले!

त्याची हकिकत अशी. तेथील व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्टरमन आणि त्यांच्या सहसंशोधक लिंडा बूथ स्वीनी यांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारले, "हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एका पातळीवर स्थिर राहावे, यासाठी उत्सर्जन कसे असायला हवे? आलेख काढा." त्यांत विज्ञान व अभियांत्रिकीचे पदवीधर पुष्कळ होते. तरीही अनेकांनी असा विचार केला की, प्रमाण स्थिर हवे तर उत्सर्जनही आहे तेथेच स्थिर ठेवले की झाले. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

चूक कोठे झाली, ते हौदावरून पाहू. हौदात मिनिटाला ४० लिटर पाणी येते आणि २० लिटर बाहेर जाते. वरचा नळ ४० वरच 'स्थिर' ठेवला तरी पातळी दर मिनिटाला २० लिटरने वाढतच राहील. नळ ३० वर आणला तरी ती वाढेलच, फक्त थोडी सावकाश. येणारे आणि जाणारे पाणी सारखे झाले तरच पातळी थांबेल.

हवेचेही तसेच आहे. माणसाच्या उद्योगांमुळे दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला साधारण निम्मा समुद्र, जंगले व माती शोषून घेतात. उरलेला हवेत साठतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये सुमारे ३१५ होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगाचे उत्सर्जन काही टक्क्यांनी घटले, पण हवेतील प्रमाण त्या वर्षीही वाढलेच. नळ किंचित फिरवला होता, बंद केला नव्हता. शिवाय निसर्गाचा निचरा काही ठरावीक गतीचा नाही. हवेतील प्रमाण वाढायचे थांबले की तोही मंदावतो. म्हणूनच शास्त्रज्ञ उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायला सांगतात.

आता वाणिज्य शाखेकडे वळू. ताळेबंद आणि नफातोटा पत्रक यांतला फरक अकरावीपासून शिकवतात. नफातोटा पत्रक वर्षभरातील आवक-जावक दाखवते. ताळेबंद आजवरचा साठा दाखवतो. यंदा कर्ज कमी घेतले म्हणून जुने कर्ज फिटत नाही, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला समजावे लागत नाही. हीच नजर त्याने हवेकडे वळवली की हवामान बदल त्याला परका विषय वाटणार नाही.

ही नजर नसली तर कशी फसगत होते, ते पाहा. एखाद्या कारखान्याने अहवालात लिहिले, "दर टन मालामागे आमचे उत्सर्जन २० टक्क्यांनी घटले." वाचून आनंद होतो. पण त्याच काळात उत्पादन दीडपट झाले असेल तर? १.५ गुणिले ०.८ म्हणजे १.२. एकूण उत्सर्जन २० टक्क्यांनी वाढले! दोन्ही आकडे खरे आहेत, पण हौदाला फक्त दुसरा कळतो.

असे अहवाल वाचणे हे आता कामाचाच भाग होत आहे. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या १,००० मोठ्या कंपन्यांना पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे सक्तीचे केले आहे. कारखान्यात जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज आणि कच्च्या मालापासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचे उत्सर्जन, अशा तीन भागांत हा हिशेब मांडतात. तिसरा भाग मोजायला सर्वांत कठीण, आणि बऱ्याच धंद्यांत तोच सर्वांत मोठा असतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व पदवी शाखांना लागू केला. ही गोष्ट चांगलीच आहे. पण हा पेपर एकीकडे आणि हिशेबाचा पेपर दुसरीकडे राहिला, तर दोन्हींची गाठ पडत नाही. एम.आय.टी.त 'एन-रोड्स' नावाच्या संगणकीय प्रतिमानावर वर्गातच खेळ घेतात. कोणी तेल-कोळसा उद्योगाचा प्रतिनिधी होतो, कोणी सरकारचा, कोणी शेती-जंगलांचा. प्रत्येक जण आपली बाजू मांडतो, आणि ठरलेल्या उपायांनी तापमान किती वाढेल ते पडद्यावर लगेच दिसते. धंद्याचे हित आणि हौदाची पातळी एकाच वेळी समोर येतात.

आपल्या इंदुरात तर असा धडा घराजवळच आहे. देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून वायू-इंधन बनवणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टनांची आहे. हा कचरा ढिगात कुजला असता तर त्यातून मिथेन हवेत गेला असता, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरतो. येथे त्याचेच इंधन होते. या प्रकल्पाचे उत्पन्न कशातून येते, खर्च किती आणि आपण घरी ओला-सुका कचरा वेगळा केला नाही तर हिशेब कोठे बिघडतो? महाविद्यालयीन प्रकल्पासाठी याहून चांगला विषय कोणता?

यंदा बारावी करून वाणिज्य किंवा व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. वर्गात कोणी टक्के दाखवले की न लाजता हात वर करा आणि विचारा, "सर, एकूण किती?" हौदाचे गणित तुम्ही शाळेतच शिकला आहात.