हजेरीपट ते फोटो : रोजगार हमीची बदलती हजेरी

रोजगार हमीच्या कामावर हजेरी कशी मांडली जाते, हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण मजुरी निघते ती हजेरीवरून. म्हणून मी त्याचा मागोवा घेतला.

योजना मूळची महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. केंद्राचा कायदा २००५चा; पुढच्या वर्षी तो लागू झालेल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत अमरावती होता. हजेरी कागदी हजेरीपटावर होई. त्यात खोटी नावे घुसत, हे खरेच. पण हजेरीपट कामावरच असे. ज्याला वाचता येत नसे, तोही आपले नाव दुसऱ्याकडून पाहून घेई.

मे २०२१ मध्ये केंद्राने मोबाइल हजेरीचे ॲप आणले. १ जानेवारी २०२३पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ते सर्वत्र सक्तीचे झाले. सकाळी हजेरीसोबत एक फोटो, चार तासांनंतर दुसरा.

वऱ्हाडात यातून दोन अडचणी येतात. पहिली उन्हाची. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. खोदकामाची मजुरी मापावर ठरते, त्यामुळे ऊन तापायच्या आत काम उरकणे शहाणपणाचे. आता काम संपले तरी फोटोसाठी थांबावे लागते. दुसरी अडचण मेळघाटातली. रेंज नसली तरी ॲप सकाळची हजेरी साठवते आणि रेंज मिळाल्यावर पाठवते. पण फोनच बिघडला तर? अपवाद म्हणून हाताने हजेरी चढवण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला आहे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. बुडालेल्या दिवसाची किंमत, २०२५-२६च्या दराने, ३१२ रुपये.

एवढे करून खोटेपणा थांबला का? जुलै २०२५च्या परिपत्रकात केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच गैरप्रकार नोंदवले आहेत : कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, नोंदीपेक्षा वेगळी माणसे. उपाय म्हणून ग्रामपंचायतीने सगळे फोटो तपासायचे. माणसांवर भरवसा नको म्हणून ॲप आले. ॲपवर भरवसा नको म्हणून पुन्हा माणसे आली.

पुढची पायरी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेची आहे. अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठी ती १ जुलै २०२५पासून सक्तीची झाली. यंत्र चुकणारच, त्या चुकीचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे आधी ठरले पाहिजे. आज तो मजूर सोसतो, कारण त्याच्या हाती पुरावा उरत नाही.

माझ्या मते दोन गोष्टी पुरेशा आहेत. रोजच्या हजेरीची नोंद मजुराच्या जॉब कार्डावर त्याच दिवशी व्हावी. आणि फोन बंद पडल्यास हजेरी मान्य करण्याचा अधिकार गावातच असावा. त्याची तपासणी ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षणात करावी. कायद्याच्या कलम १७ने ते काम ग्रामसभेकडे आधीच सोपवले आहे.