एकाच लुगड्याची गोधडी

भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरलेले कोरे कापड हाताला कडक लागते. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते, आणि त्यासाठी गावात सायझिंगचे वेगळे कारखाने आहेत. गोधडीला मात्र नेमके उलट कापड हवे. याच तालुक्यातल्या, तानसेकाठच्या अकलोलीपासून थेट कोल्हापूरपर्यंत घरोघरी गोधडीसाठी वापरले गेले ते वर्षानुवर्षे धुऊन खळ, रंग आणि ताठा गमावलेले सुती लुगडे. सुई त्यातून अडखळत नाही आणि अंगाला ते टोचत नाही.

रंगीबेरंगी ठिगळांची गोधडी चटकन डोळ्यांत भरते, म्हणून कौतुकही तिचेच होते. एकाच लुगड्याची गोधडी तिच्यापुढे साधी वाटते, पण शिवणारीची खरी कसोटी तिथेच लागते. तुकड्यांच्या रंगसंगतीचा आधार नाही. जे काही दिसायचे ते टाक्यांनीच दिसायचे.

तिचा हिशेब सुरेख आहे. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग दोन मीटरहून थोडा मोठा होतो, आणि लुगड्याचा पन्हा एका माणसाच्या पांघरुणाला पुरतो. एक भाग वर, एक खाली, दोन आत. पदर चांगला राहिला असेल तर तो दर्शनी बाजूला, आणि काठ आपोआप गोधडीची किनार होतात. तान्ह्या बाळाचे दुपटे याच जातीचे: मऊ सुती कापडाची घडी आणि तिच्यावर धावदोरा.

थर जमिनीवर पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि कडेपासून शिवायला लागायचे. टाक्यांची रांग चारही बाजूंनी फिरत फिरत आत सरकते, चौकोनात चौकोन उमटत जातो. दर फेरीला तळहाताने कापड सारखे करावे लागते. झोल राहिला तर मध्यभागी येईपर्यंत त्याच्या चुण्या होतात. एवढ्या दाट टाक्यांमागे कारण आहे. झिजलेले कापड एकटे ताण सोसत नाही, तो शेकडो टाक्यांत वाटला जातो. थरांमधली हवा ऊब धरते. घट बसण्याआधी नदीवर आपटून धुतली तरी अशी गोधडी टिकते, ती याच बळावर.

अखंड कापडावर नुसत्या टाक्यांनी चित्र काढण्याची ओढ जगभर दिसते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीत लिननच्या दोन थरांमध्ये कापूस भरून दंतकथेतल्या ट्रिस्टन या वीराची अख्खी कथा उठावात शिवली गेली. त्या कामाचा एक भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, दुसरा फ्लॉरेन्समध्ये. आपला पश्चिम किनाराही यात मागे नव्हता. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझाने खंबायतच्या सुंदर रजयांची नोंद करून ठेवली आहे. पूर्वेकडे, बंगालमधल्या सातगावच्या पांढऱ्या सुती रजया, त्यांवर पिवळ्या टसरने भरलेल्या शिकारी आणि बायबलातल्या कथा, पोर्तुगीज जहाजांतून युरोपात गेल्या.

वेल्सची हकिकत तर आपल्याकडे मुद्दाम सांगावी अशी. खाणकामगारांच्या घरांत पैशांची चणचण असताना 1928 मध्ये ब्रिटनच्या रुरल इंडस्ट्रीज ब्युरोने वेल्स आणि डरहॅममधल्या शिवणाऱ्या बायकांना काम मिळवून देण्याची योजना आखली. चांगले कापड पुरवले, गिऱ्हाईक शोधले. 1932 च्या सुमारास लंडनच्या क्लॅरिजेस या आलिशान हॉटेलातल्या पलंगांवर त्यांच्या एकरंगी, अखंड कापडाच्या रजया पसरल्या गेल्या. कोळशाच्या खेड्यातल्या हाताला दाम मिळाला, कारण कोणीतरी मध्ये उभे राहिले.

असे मध्यस्थ आपल्या देशातही काही ठिकाणी उभे राहिले. बिहारमधल्या भुसुरा गावात 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुजनी या तिथल्या गोधडीकामाला नव्याने सुरुवात झाली. एकाच सुती कापडावर साखळी टाक्याने आकृती आणि भोवतीची सगळी जागा बारीक धावदोऱ्याने भरलेली. विषय हुंड्याचा, दारूचा, मुलींच्या शिक्षणाचा. कॅनडाच्या डोरोथी काल्डवेल या कलावतीने सुजनीचा जवळून अभ्यास केला, आणि त्यांच्या मोठमोठ्या कापडी चित्रांत तो साधा टाका दिसतो. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, ही मोठीच कामगिरी.

अडचण आता कापडाची आहे. सुती नऊवारी रोजच्या वापरातून जवळपास गेली. सिंथेटिक साड्या गोधडीत घातल्या तर थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही. जुने लुगडे उरलेले नसेल तर नवे सुती कापड घ्यावे लागेल, आणि तेवढ्यासाठी भिवंडीच्या माणसाला तालुक्याबाहेर जायची गरज नाही. कोरे कापड उकळत्या पाण्यातून काढून, पाच-सात वेळा धुऊन त्याची खळ घालवली की सुई चालू लागते. पांढऱ्या कोऱ्या कापडावर लाल दोऱ्याचा टाका ठसठशीत उठून दिसतो, आणि शिवणारीच्या हाताची सफाईही. तिला त्या टाक्यांचा दाम द्यायला हवा, नुसता कापडाचा नव्हे.