थोड्या दिवसांचे भन्ते

जानेवारी 2023 मध्ये थायलंडचे 110 भिक्खू परभणीहून पायी निघाले आणि फेब्रुवारीत दादरच्या चैत्यभूमीला पोचले. सोबत बुद्धांच्या अस्थिधातूंचा कलश होता. या पदयात्रेमागे अभिनेते गगन मलिकही होते. श्रीलंकेच्या एका चित्रपटात सिद्धार्थाची भूमिका केलेले हे गृहस्थ 2022 मध्ये थायलंडला जाऊन काही काळ भिक्खू झाले आणि पुन्हा साध्या कपड्यांत परतले. आमच्याकडं येलदरीच्या धरणापासून खाली पूर्णा गावापर्यंत, विहाराच्या ओट्यावर चार तरुण बसले की प्रश्न निघतो: तिकडं जाऊन आपल्यालाही असं होता येतं का? आणि परत फिरता येतं का?

दोन्ही येतं. पण आपल्या मनात संन्यास म्हणजे परतीचं दार बंद, आणि परत आलेला माणूस म्हणजे हरलेला, असं घट्ट बसलंय. थेरवादी देशांत तसं नाही, आणि तिथंही सगळीकडं एकसारखं नाही. थायलंडमध्ये लग्नाआधी मुलानं एखादा वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे महिने, चीवरात (भिक्खूच्या वस्त्रात) काढावा, त्याचं पुण्य आईबापाला लाभावं, ही जुनी रीत. सरकारी नोकराला त्यासाठी 120 दिवसांपर्यंत पगारी रजा मिळते. ब्रह्मदेशात पोरवयातच राजपुत्रासारखं नटवून मिरवतात आणि मग डोकं भादरून श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, करतात. श्रीलंकेत मात्र चीवर जन्मभराचं मानतात, उतरवणाऱ्याकडं लोक वाकड्या नजरेनं बघतात. जाणाऱ्यानं देश विचार करून निवडावा.

मराठी माणसाचं यातलं ठळक उदाहरण गोव्याचं आहे. धर्मानंद कोसंबी, जन्म 1876, गाव साखवाळ. ‘बालबोधमेवा’ या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि मनानं ठाव सोडला. 1899 च्या अखेरीस बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी घरी ठेवून बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळ, बुद्धगया. बौद्ध धर्म शिकायचा तर सिलोनला जा, असं कळलं तसे 1902 मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. तिथं सुमंगलाचार्यांनी त्यांना श्रामणेर केलं. पुढं ब्रह्मदेशात जाऊन भिक्खू झाले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, पालीच्या आधारावर त्यांनी दिवस काढले.

1906 मध्ये त्यांनी चीवर उतरवलं, कलकत्त्यात पाली शिकवायला लागले आणि घरच्यांना बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला: दामोदर, म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी. बाळाबाईंच्या बाजूनं पाहिलं तर मधली वर्षं निव्वळ वनवासाची, आणि तो हिशोब धर्मानंदांच्या नावे मांडायलाच हवा. पण भिक्खूपणात मिळवलेलं त्यांनी स्वतःपाशी ठेवलं नाही. कलकत्त्याची चांगल्या पगाराची जागा सोडून सयाजीराव गायकवाडांच्या थोड्याशा मदतीवर ते महाराष्ट्रात आले, मराठीत बुद्ध लिहू लागले. 1912 पासून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात ही सगळी वणवण आहे. परदेशी जाऊ पाहणाऱ्या पोरांनी ते आधी वाचावं.

उलट्या दिशेनं आलेलेही आहेत. नागपुरात 1956 मध्ये बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर मूळचे आराकानचे. त्यांनीच 1949 मध्ये कुशिनाराला डेनिस लिंगवुड नावाच्या इंग्रज तरुणाला श्रामणेर केलं. तोच पुढं संघरक्षित म्हणून महाराष्ट्रातल्या नवबौद्धांमध्ये फिरला.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. श्रामणेराला दहा शीलं, भिक्खूला 227 नियम. भिक्खू व्हायला वयाची 20 वर्षं पुरी लागतात. उपसंपदेच्या, म्हणजे भिक्खू होण्याच्या, दिवशी संघासमोर पालीत प्रश्न विचारतात. कुष्ठ, गंड, क्षय, अपस्मार असे रोग आहेत का? प्रत्येकाला उत्तर ‘नत्थि भन्ते’, म्हणजे नाही. मग, तू माणूस आहेस का? पुरुष आहेस का? ऋणमुक्त आहेस का? राजाच्या चाकरीत नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे का? पात्र-चीवर पुरं आहे का? इथं ‘आम भन्ते’, म्हणजे होय. माणूस आहेस का, हे विचारण्यामागं माणसाचं रूप घेऊन संघात शिरलेल्या नागाची कथा आहे. परदेशी उमेदवाराला ही उत्तरं तोंडपाठ करावी लागतात, व्हिसाची कागदपत्रं वेगळी. चीवर सोडणं त्यामानानं सोपं. समजू शकेल अशा एका माणसापुढं शुद्धीवर राहून ‘मी शिक्षा सोडतो’ म्हटलं, की झालं.

बायकांची वाट अरुंद आहे. श्रीलंकेत 1998 पासून भिक्खुणी संघ पुन्हा उभा राहिला, पण थायलंडचा संघ आजही भिक्खुणींना मान्यता देत नाही. पुण्य सगळ्यांचं म्हणायचं आणि दार निम्म्यांना लावायचं, हे मला पटत नाही.

थायलंडचं तिकीट काढण्याआधी एक करा. भारतीय बौद्ध महासभेची दहा दिवसांची श्रामणेर शिबिरं महाराष्ट्रभर होतात. तिथं डोकं भादरतं, चीवर अंगावर येतं, बारानंतर अन्न बंद होतं, आणि गावातल्याच बाया भोजनदानाची रांग लावून कालपर्यंत ज्याला ‘अरे’ म्हणत होत्या त्याच पोराला ‘भन्ते’ म्हणतात. ते पचलं तर पुढं जा. आणि ऋणमुक्तीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असेल तर ‘आम भन्ते’ म्हणण्याआधी तो उतरवून या.