मदत कशी हवी, हे ज्याचे त्याला विचारा

आम्ही शाळेत शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. वर्गात एक मुलगा होता. त्याला अक्षर उशिरा कळे. हिशेब तर जमतच नसे. कोणी पाहुण्याने त्याला काही विचारले, की उत्तर आम्हीच देत असू. एके दिवशी तो हळूच म्हणाला, "गुरुजी, त्यांनी मला विचारलंय." ते शब्द आम्ही अजून विसरलो नाही.

काही माणसांना लहानपणापासून शिकायला, समजायला वेळ लागतो. हे वेड नव्हे. सावकाश समजावून सांगितले, थोडा हात दिला, तर यांतली पुष्कळ माणसे आपले काम आपण करतात. पण हात कोणी द्यायचा, केव्हा द्यायचा, हे कोणी ठरवायचे?

इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड नावाचा देश आहे. तेथे पूर्वी हे बहुधा कचेरीच ठरवी. पुढे १९९६ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. त्याने मदतीऐवजी पैसे हाती देण्याची सोय झाली. नंतर स्कॉटलंडने २०१३ साली आपला निराळा कायदा केला. तो १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला.

त्याची रीत अशी. आपल्याकडे जशी नगरपालिका, तशी तेथे कौन्सिल असते. कौन्सिलचा माणूस घरी येऊन विचारतो, "तुम्हाला काय जमते? कोठे अडते? काय करावेसे वाटते?" मग मदतीला किती खर्च येईल, ते ठरते. ती रक्कम त्या माणसाला सांगतात. पुढे चार वाटा असतात.

पहिली वाट : पैसे आपण घ्यायचे व मदतनीस आपण नेमायचा.

दुसरी : मदत आपण निवडायची, पैशाचा व्यवहार दुसऱ्याने पाहायचा.

तिसरी : सगळे कौन्सिलवर सोपवायचे.

चौथी : थोडे असे, थोडे तसे.

समजा, एका बाईला स्वयंपाकात मदत हवी आहे. आठवड्यातून एकदा पोहायलाही जायचे आहे. मग कोणती मदतनीस हवी, तिने किती वाजता यावे, हे ती बाईच सांगते.

तुम्ही म्हणाल, "ज्याला हिशेब येत नाही, त्याच्या हाती पैसा कसा द्यावा?" प्रश्न रास्त आहे. पण हा पैसा वाटेल तसा उडवता येत नाही. ठरलेल्या मदतीसाठीच तो खर्चायचा. जमाखर्च दाखवावा लागतो. हिशेब ठेवायला घरचे माणूस किंवा एखादी संस्था मदत करते. हिशेब दुसऱ्याने लिहिला, तरी निवड ज्याची त्याचीच.

यात अडचणीही आहेत. मदतनीस नेमला, की त्याचा पगार वेळेवर द्यावा लागतो. त्याला रजा द्यावी लागते. रक्कमच अपुरी पडली, तर निवड कागदावरच राहते.

आपल्या देशातही २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. अशा माणसासाठी न्यायालयाने पालक नेमला, तरी पालकाने त्याच्याशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा, असे त्यात आहे.

पण घरात विचारायला कायदा कशाला हवा? भाकरी हवी की भात, जत्रेला यायचे की नाही, एवढे तरी त्यालाच विचारा. उत्तराला वेळ लागेल. तेवढे थांबा. आम्ही तेव्हा थांबलो नाही, ही आमची चूक झाली.